आजोबा वर पोचल्यावर वळतात

माणूस एकट्याने बरा होत नाही. त्याला बरं करायला अनेक हात लागतात, आणि ते सगळे एकाच देहाचे असल्यासारखे चालावे लागतात. हे वाक्य पुनर्वसन केंद्राच्या दारावरच्या संगमरवरी पाटीवर कोरलेलं होतं. पाटीचा वरचा उजवा स्क्रू दोन वर्षांपूर्वी निघाला होता. तो बसवणं देखभाल विभागाकडे येतं, की इमारत विभागाकडे, की पाटीचं अनावरण ज्यांनी केलं त्यांच्याकडे, हे न ठरल्यामुळे पाटी सलाइनच्या नळीने खिडकीच्या गजाला बांधलेली होती. गाठ सिस्टरने मारली होती, म्हणून ती टिकली होती. फिजिओ रोज सकाळी त्या पाटीखालून आत शिरताना मान जरा डावीकडे कलती करायची. दोन वर्षांत ती सवयच झाली होती, आणि अलीकडे घरात शिरतानाही मान कलायची. एखाद्या पेशंटची मान अशी कलली असती तर तिने ती फॉर्मात नोंदवली असती.

त्या मंगळवारी अकराच्या बैठकीत लिफ्टवाल्या आजोबांची फाइल टेबलाभोवती फिरत फिरत तिच्याकडे आली, आणि पान उलटताना एक फोटो निसटून तिच्या मांडीवर पडला. फोटो समाजसेविकेने काढलेला होता. आजोबांना दुपारी चार वाजता डिस्चार्ज मिळायचा होता, आणि डिस्चार्जपूर्वी घराला भेट देऊन घर राहण्याजोगं आहे की नाही हे पाहायचा नियम होता. फोटोत एक जिना होता. जिन्यावर आजी, म्हणजे आजोबांची बायको, अंग चोरून उभी होती, फोटो जिन्याचा आहे की आपला हे न कळल्यासारखी. तिचा हात कठड्यावर होता. पलीकडे नुसती भिंत. माणसाच्या खांद्याच्या उंचीला भिंतीचा रंग काळवंडून तुळतुळीत झाला होता, इतकी वर्षं माणसं तिला घासून गेली होती. फोटोला टाचलेल्या फॉर्मवर समाजसेविकेच्या गोल अक्षरात लिहिलं होतं: जिना – आहे. कठडा – आहे.

फिजिओला आपली एक पायरी चुकल्यासारखं वाटलं.

कठडा एकाच बाजूला होता. चढताना डावीकडे. आजोबांची उजवी बाजू गेलेली; उजवा हात पोटाशी दुमडलेला, उजवा पाय ओढत चालणारा. डावा हात मात्र लोखंडासारखा. चाळीस वर्षं त्यांनी एका उंच इमारतीत लिफ्ट चालवली होती, लिफ्टचं दार ओढणारा हात तोच. तेव्हा डावा हात डाव्या कठड्यावर, चांगला पाय आधी, आणि आजोबा दुसऱ्या मजल्यावर. छान. आणि मग? टेबलाखाली तिने मांडीवर दोन बोटं उभी केली, ती चालवत गुडघ्यापर्यंत नेली आणि वळवली. कठडा उजवीकडे आला. तिने बोटं पुन्हा खाली आणली, पुन्हा चढवली, पुन्हा वळवली. प्रत्येक वेळी तेच. हे काही मोठं गणित नव्हतं. एकच कठडा असलेल्या जिन्यावर चढताना जो हात आधाराला असतो तो उतरताना नसतो, एवढंच. पण ज्याला दोन हात आहेत त्याला हे जन्मभर कळायची गरज पडत नाही, आणि या टेबलाभोवती एकूण चौदा हात होते.

केंद्रातला सरावाचा जिना लाकडी होता. चार पायऱ्या वर, माथ्यावर जेमतेम दोन माणसं उभी राहतील एवढा चौथरा, पलीकडे चार पायऱ्या खाली. तो कुठूनही निघत नव्हता आणि कुठेही पोचत नव्हता. त्याला दोन्ही बाजूंना गुळगुळीत पॉलिश केलेले कठडे होते; पेशंट पडू नये म्हणून. त्यामुळे चढतानाही आजोबांच्या डाव्या हाताला कठडा मिळायचा आणि उतरतानाही. सात आठवडे ती त्यांना ज्या जिन्यावर तयार करत होती, तसला जिना जगात फक्त दवाखान्यांत असतो.

पण चुकली ती पायरी ही नव्हती. ती तर नजरचुकीत खपली असती. चुकलेली पायरी वेगळीच होती, आणि ती आत्ता, मोठे डॉक्टर घसा साफ करत असताना, हळूहळू वर येत होती. आजोबा पहिल्याच दिवशी चौथऱ्यावर पोचल्यावर वळले होते. पाठ उताराकडे, तोंड तिच्याकडे. मग डावा हात कठड्यावर ठेवून एक पाय मागे सोडू लागले होते. ती ओरडलीच होती, “अहो आजोबा, उलटे कुठे निघालात? सरळ! सरळ व्हा!” त्यांनी तिच्याकडे पाहिलं. झटक्याने त्यांची वाचाही नेली होती, एकच शब्द मागे उरला होता, “थांबा.” लिफ्ट भरली की म्हणायचे तो. भूक लागली की थांबा, उशी हवी की थांबा, बायको आली की थांबा. “थांबा,” ते म्हणाले. ती थांबली नाही. तिने दोन्ही हातांनी त्यांची कंबर धरून त्यांना सरळ केलं. दुसऱ्या दिवशी ते पुन्हा वळले. तिसऱ्या दिवशी तीनदा. आणि त्या आठवड्याच्या बैठकीत तिने वाक्य उच्चारलं, अगदी सहज, पेनाचं टोपण लावता लावता: “आजोबा वर पोचल्यावर उलटे वळतात.”

तिथून पुढचं सगळं संघाने केलं. या केंद्राला आपल्या संघकार्याचा अभिमान होता, आणि तो खोटा नव्हता. एखादी गोष्ट एकाने टेबलावर ठेवली की बाकीचे सहा जण तिला एकटं सोडत नसत. मानसतज्ज्ञ, दाढी कुरवाळणारा, अजून तिशीही न ओलांडलेला पोरगा, म्हणाला होता की हा दिशाभानाचा प्रश्न आहे. हातांचे उपचार करणारी बाई म्हणाली, दिशाभान नव्हे, कृतीचा क्रम बिघडलाय. परवा त्यांनी शर्टसुद्धा आधी चांगल्या हातात चढवला. वाचा-उपचारवालीने सौम्यपणे सुचवलं की ‘सरळ’ ही सूचनाच त्यांच्यापर्यंत पोचत नसावी. मोठ्या डॉक्टरांनी पुन्हा स्कॅन करायला सांगितला. स्कॅनमध्ये नवीन काही निघालं नाही, तेव्हा डॉक्टर म्हणाले होते, “म्हणजे बारीक असणार.” समाजसेविकेला वाटलं, घराकडे पाठ फिरवतात, घरात काहीतरी ताण आहे. सिस्टर एकटी म्हणाली, “विचारून बघा ना त्यांना,” आणि सगळे हसले होते, कारण विचारलं तर ते काय म्हणणार हे सगळ्यांना पाठ होतं. चौथ्या आठवड्यात त्या गोष्टीला नाव मिळालं, ‘उलट-वळण’. पाचव्यात नाव आखूड होऊन ‘उ.व.’ झालं. भिंतीवर तक्ता लागला. सोमवारी अकरा वेळा, बुधवारी नऊ, मग सहा, चार, चार, दोन. वळले की ती त्यांच्या दंडावर बोट टेकायची, आणि न वळता उतरले की “शाबास!” सहाव्या आठवड्यात तक्त्यावर शून्य आलं. सिस्टरसुद्धा टाळ्या वाजवून गेली. येत्या शुक्रवारी तपासणी समिती येणार होती, आणि तिला दाखवायला मोठ्या डॉक्टरांनी जी एकमेव केस निवडली होती ती ही. सात शाखा, एक पेशंट, एक शून्य.

म्हणजे त्यांना माहीत होतं. तिने मांडीवरची दोन बोटं मिटून घेतली. वाचा गेलेल्या, अर्धं अंग गेलेल्या म्हाताऱ्याला आपला जिना माहीत होता. तो तिच्या त्या पोरखेळ जिन्यावर रोज आपल्या घरचा जिना उतरत होता. पाठमोरं उतरलं की कठडा पुन्हा डाव्या हाताला येतो; ती ज्या कागदाच्या तुकड्यासाठी चार वर्षं कॉलेजात गेली त्याच्या एका पुस्तकात हे कुठल्यातरी पानावर छापलेलंही होतं. आणि तिने ते त्यांच्या अंगातून काढून टाकलं होतं. बोट टेकवून. शाबास म्हणून.

“... वजन स्थिर, झोप बरी, पोट रोज साफ,” सिस्टर वाचत होती. वाचनाचा क्रम ठरलेला होता, फिजिओचा नंबर शेवटून दुसरा. खोलीतला पंखा दर फेरीला एकदा टक् करायचा. मानसतज्ज्ञापुढे चहा होता, त्यावर साय धरली होती, आणि तो पेन्सिलीच्या टोकाने ती साय एका कडेला नेत होता. तिला वाटलं, आत्ता बोलावं. आत्ता, सिस्टरच्या ‘पोट साफ’नंतर. पण काय बोलणार? फाइलमधली सगळी पानं एकमेकांना टेकून उभी होती. तिने आपलं वाक्य खालून ओढलं की दिशाभान पडणार, क्रम पडणार, बारीक काहीतरी असण्याची शक्यता पडणार, घरातला ताण पडणार. आजीला ताणाबद्दल समाजसेविकेने दोनदा बसवून घेतलं होतं. बिचारी रडलीही होती, असं अहवालात होतं.

आई आठवायची ही वेळ नव्हती, पण आईला वेळेचं भान कधीच नव्हतं. आईचा खुबा मोडला तेव्हा फिजिओ नवी नवी नोकरीला लागली होती. अंगात उत्साह, हातात मोजपट्टी. ऑपरेशननंतर तिसऱ्या मजल्यावरच्या घरात आईला तिनेच चढवलं होतं. चोपन्न पायऱ्या. प्रत्येक वळणावर शेजाऱ्यांनी खुर्ची आणून ठेवलेली, आई बसायची, पदराने मान पुसायची, पुन्हा उठायची. पन्नास, एक्कावन्न. शेवटच्या पायरीवर फिजिओ ओरडली होती, “चढलीस! झालं!” सगळ्या मजल्यांनी टाळ्या वाजवल्या. आई धापा टाकत तिच्याकडे बघत म्हणाली, “आणि आता?” “आता काय? आता आराम कर.” आईने चार वर्षं आराम केला. उतरायची तिला भीती वाटायची. आज गुडघा, उद्या पाऊस, परवा बघू. गॅलरीतून दोरीला पिशवी बांधून सोडायची, त्यात भाजी वर यायची. ती वर खेचताना किती वाकून बघायची खाली, कोणाचं काय चाललंय ते. “खालची ती ठेंगणी बाई जाड झाली गं,” फोनवर सांगायची. वरून सगळेच ठेंगणे दिसतात, हे तिला चार वर्षांत कोणी सांगितलं नाही. मग एकदा ती उतरली. चार माणसांनी खुर्चीतून उतरवली, आणि त्या वेळी भीती वाटायला ती उरलेली नव्हती. फिजिओ मागून चालत होती, आणि वळणावर खुर्ची तिरकी करायला लागली तेव्हा तिच्या तोंडून सवयीने निघालं होतं, “सावकाश, कठडा धरा.”

“मॅडम?” मोठे डॉक्टर म्हणाले. “तुमचं.”

तिने वही उघडली. वहीत लिहिलं होतं: उ.व. – शून्य, सलग नऊ दिवस, डिस्चार्जला योग्य. तिने तोंड उघडलं आणि म्हणाली, “डिस्चार्ज एक आठवडा पुढे ढकलावा असं मला वाटतं.”

पंख्याने टक् केलं.

“एक आठवडा म्हणजे शुक्रवारी समितीपुढे केस अपुरी,” डॉक्टर म्हणाले. “कारण?”

खरं कारण, सात आठवडे सगळ्यांनी मिळून बांधलेली चूक, तिच्या जिभेवर होतं. ते जसं पुढे सरकलं तसं प्रत्येकाचा चेहरा तिला स्वतंत्र दिसू लागला. दाढीवाल्याने पेन्सिल सायीत थांबवली होती. “गुडघा,” ती म्हणाली. “उजवा. थोडी सूज वाटते.”

खोटं बोलल्यावर तिच्या कानांच्या पाळ्या गरम झाल्या. तिला वाटलं होतं, गुडघा हा आपला प्रांत, इथे कोणी येणार नाही. पण संघ म्हणजे संघ. डॉक्टरांनी लगेच फाइल ओढून घेऊन पहिलं पान काढलं. “दाखल करताना गुडघे ठीक होते. तक्रार नाही असं लिहिलंय इथे.” हातांची बाई म्हणाली, “काल मी त्यांना मोजे घालायला बसवलं, मला तर नाही दिसली सूज.” “सकाळी स्पंजिंग मी केलंय,” सिस्टर म्हणाली, आणि तिच्या स्वरात पहिल्यांदाच धार आली. “सूज असती तर मला दिसली नसती का?” “बघूनच येऊ,” डॉक्टर उठले. सातही जण उठले.

वॉर्डातून पांढऱ्या कोटांची ती रांग जाताना दोन पेशंटनी उशीखाली लपवलेली बिस्किटं आत ढकलली. आजोबा खिडकीपाशी खुर्चीत बसले होते, घरचा शर्ट घालून, केस पाण्याने चापून बसवलेले. डिस्चार्ज त्यांना समजला होता हे त्यांच्या केसांवरून कळत होतं. सात माणसं समोर येऊन उभी राहिलेली बघून ते जरा सावरून बसले, आणि सवयीने डावा हात बाजूला गेला, लिफ्टचं दार ओढायला जावा तसा. एवढी माणसं एका फेरीत मावणार नाहीत, असं काहीसं त्यांच्या कपाळावर उमटलं. सिस्टरने पँट वर सरकवून गुडघा दाबला. “थांबा,” आजोबा म्हणाले. तिने वाटीवर अंगठा ठेवून पुन्हा दाबला. “थांबा, थांबा.” डॉक्टर वाकले, त्यांनी बोट फिरवलं. “सूज नाही,” ते म्हणाले. “नाही,” हातांची बाई म्हणाली. मानसतज्ज्ञानेही बघून घेतलं. त्याचा गुडघ्याशी संबंध नव्हता, पण तो आलाच होता. मग सगळ्यांनी गुडघा सोडून फिजिओकडे पाहिलं. आजोबांनीही. त्यांच्या डोळ्यांत राग नव्हता, काहीच नव्हतं. ते फक्त वाट बघत होते, आता या बाई आपल्याला कुठल्या बाजूला सरळ करणार त्याची.

“त्यांना जिन्यावर घेते,” ती म्हणाली. “तुम्ही बघा.”

सरावाच्या खोलीत रबराचा आणि घामाचा वास होता. भिंतीवर तक्ता, तक्त्यावर शून्यांची रांग. आजोबा चढले. चांगला पाय, मग दुसरा. चांगला, मग दुसरा. चौथऱ्यावर पोचले. न वळता पलीकडे सरळ उभे राहिले, डावा हात डाव्या कठड्यावर, आणि शाबासकीसाठी तिच्याकडे पाहिलं. ती पलीकडच्या उतारावर गेली, डाव्या कठड्याला पाठ लावून उभी राहिली आणि दोन्ही हात पसरून तो झाकला. त्यांचा हात तिने हळूच उचलून बाजूला केला. “आजोबा, हा कठडा नाही. हा काढला. असं समजा की तुमच्या घरचा जिना आहे. आता उतरा.”

आजोबा उभे राहिले. उजवीकडचा कठडा मोकळा होता आणि त्या बाजूचा हात पोटाशी झोपलेला होता. डावा पंजा हवेत उघडमीट झाला. त्यांनी खाली पाहिलं, चारच पायऱ्या; तिच्याकडे पाहिलं. वळा, ती मनात म्हणत होती. वळा ना. पहिल्या दिवशी वळला होतात, तसे वळा, अकरा वेळा वळा. त्यांचा डावा खांदा किंचित हलला. पाठीत कुठेतरी ती जुनी हालचाल जागी झाली, तिला स्पष्ट दिसली, कापडाखालून जनावर सरकावं तशी. आणि मग त्यांची नजर तिच्या बोटावर गेली. तिने बोट उचललंही नव्हतं. खांदा पुन्हा सरळ झाला.

“वळा, आजोबा,” ती मोठ्याने म्हणाली.

ते गालातल्या गालात हसले. शहाणा मुलगा मास्तरांच्या आडप्रश्नाला हसतो तसं. मान हलवली. “थांबा,” ते म्हणाले, आणि छाती काढून, नाक समोर ठेवून, एखाद्या पुतळ्यासारखे सरळ उभे राहिले.

मागून टाळ्या वाजल्या. “सूचना देऊनही वळले नाहीत!” दाढीवाला म्हणाला. त्याचा आवाज खरोखर भरून आला होता. “मॅडम, हे शुक्रवारी समितीला सांगायचंच.” “बाई, जीव घाबरवलात हो आमचा,” वाचावाली म्हणाली. “गुडघा-बिडघा म्हणून. आम्हाला चकवायला केलंत ना हे?”

“मी चुकले,” फिजिओ म्हणाली.

टाळ्या थांबल्या. तिने फोटो खिशातून काढला. हाताला सुटलेल्या घामाने तो तिच्या अंगठ्याला चिकटला. कठडा दाखवला, भिंत दाखवली, फोटोवर दोन बोटं चालवून, वळवून दाखवली. तिने मघाशी मांडीवर केलं होतं तसं सगळ्यांनी नकळत आपापली बोटं हलवली. बारा हात हवेत जिना उतरत होते. आजोबा चौथऱ्यावर उभेच होते. सिस्टर आधी गेली आणि तिने त्यांना धरून खाली आणलं, कारण कोणीतरी आणायला हवं होतं. “ते वळत होते ते बरोबर होतं,” फिजिओ म्हणाली. “आपण ते मोडलं.”

“आपण म्हणजे?” डॉक्टरांनी शांतपणे विचारलं.

“मी. आणि मग आपण.”

फोटो हातोहात फिरला. मग समाजसेविका म्हणाली, “मी कठडा आहे असं लिहिलं होतं. आहेच तो.” दाढीवाला म्हणाला, दिशाभानाची चाचणी त्याने स्वतंत्रपणे केली होती आणि तिचे गुण कमीच होते, मग जरा वेळाने म्हणाला, चाचणी कागदावर बाण काढायची होती आणि आजोबा मूळचे उजव्या हाताने लिहिणारे. ते बोलून तो खिडकीपाशी गेला. डॉक्टरांनी घड्याळ पाहिलं. आजोबांचा पलंग साडेचारला दुसऱ्या पेशंटला दिलेला होता, गाडी सांगितलेली होती, आजी दुपारपासून येऊन बसणार होती. “आज जाऊ दे त्यांना,” ते म्हणाले. “मिनिट्समध्ये असं लिहा: जिना उतरण्याच्या पर्यायी पद्धतीचा सराव घरच्या वातावरणात सुरू ठेवावा.” “सुरू ठेवावा नाही, सुरू करावा,” फिजिओ म्हणाली. “ठेवावा बरं वाचतं,” डॉक्टर म्हणाले. तिने गाडीतून सोबत जायची परवानगी मागितली. प्रवासाच्या फॉर्मवर फिजिओ असा रकाना नव्हता. सिस्टरने तिला ‘इतर सामान’मध्ये घातलं.

जेवायलाही न जाता तिने अडीच तास आजोबांना वळायला शिकवलं. स्वतः उजवा हात पोटाशी धरून पाठमोरी उतरून दाखवलं, आठ वेळा, दहा वेळा. त्यांनी कौतुकाने पाहिलं. तिने त्यांची कंबर धरून वळवलं तर ते फिरून पुन्हा सरळ झाले. एकदा तर त्यांनी तिच्या दंडावर बोट टेकलं. ती उलटी उतरत होती म्हणून.

गाडीत आजी त्यांच्या शेजारी बसली, मांडीवर कपड्यांची पिशवी घेऊन. थेरपीच्या वेळी नातेवाइकांना आत सोडत नसत, पेशंटचं लक्ष उडतं म्हणून. त्यामुळे आजीने सात आठवड्यांत आजोबांना चालताना असं नीटसं पाहिलंच नव्हतं. ती सारखी त्यांच्या बुटांकडे बघत होती. “जमेल ना बाई त्यांना?” तिने दोनदा विचारलं. “चढणं जमेल,” फिजिओ म्हणाली. आजीने पुढचं विचारलं नाही. फिजिओ मनात वेळापत्रक लावत होती. रोज संध्याकाळी कामावरून सुटल्यावर यायचं. एक महिना. दोन महिने. तोवर हा माणूस दुसऱ्या मजल्याच्या खिडकीत बसणार, आणि एक दिवस कोणी नसताना एकट्याने उतरायला निघणार, सरळ, नाकासमोर, तिने शिकवल्याप्रमाणे, हवेत डावा पंजा उघडमीट करत. ते चित्र तिला इतकं स्वच्छ दिसलं की तिने डोळे मिटून घेतले, आणि डोळे मिटल्यावर खुर्ची दिसली, वळणावर तिरकी झालेली.

जिना फोटोतल्यापेक्षा अरुंद होता. आजोबा चढले. छत्तीस पायऱ्या, मधे दोनदा दम खाल्ला. माथ्यावर पोचताच शेजारचं एक दार किलकिलं झालं, कोणीतरी “आलात का?” म्हणालं. टाळ्या वाजल्या नाहीत. आजी कुलूप काढायला पुढे गेली. फिजिओ दोन पायऱ्या खाली थांबली, दोन्ही पाय रोवून, छाती पुढे काढून. पडलेच तर अंगावर पडू देत.

“आजोबा, एकदा खाली चार पायऱ्या जाऊन येऊ. मी आहे इथे.”

ते जिन्याच्या तोंडाशी आले. सरळ उभे राहिले. कठडा उजवीकडे, हात पोटाशी. पंजा उघडला, मिटला. “वळा,” ती म्हणाली. आजोबांनी मान हलवली आणि पाय उचलला.

“अहो!” आजी दारातून खेकसली. हातात कुलूप तसंच होतं. “हे काय नवीन? असं कुठे उतरतात? नेहमीसारखं उतरा की!”

आजोबांनी बायकोकडे पाहिलं, मग फिजिओकडे. नजरेत एकाच वेळी दोन लिफ्टची घंटा वाजल्यासारखा गोंधळ. मग ते वळले. पाठ उताराकडे, डावा हात डाव्या कठड्यावर, वाईट पाय मागे, मग चांगला. एक. दोन. तीन. चार. फिजिओ त्यांच्या मागे मागे खाली सरकत होती, तिचे हात त्यांच्या कमरेजवळ हवेत धरलेले, आणि त्या हातांना कुठेच काही काम नव्हतं.

“नेहमीसारखं म्हणजे? कठड्यासाठी?” तिने खालून विचारलं.

“म्हणजे काय, दहा वर्षं झाली, ते असेच उतरतात. सगळ्या बिल्डिंगला माहितीये, पोरं हसायची आधी,” आजी म्हणाली. “कठड्याचं काही नाही हो. उजवा गुडघा दुखतो त्यांचा. सरळ उतरलं की कळ येते. स्टुलावर बसून बसून आखडला, डॉक्टर म्हणाले होते.”

फिजिओने सोबत आणलेली फाइल तिच्या काखेतून निसटून पायरीवर उघडी पडली होती. पहिल्या पानावर ‘गुडघे’ या रकान्यापुढे ‘तक्रार नाही’ असं लिहिलं होतं, आणि पानाखाली फिजिओची सही होती.